वाचक विचारतात : ऱ्होड्सचे ज्यू, शेजारची बेटं आणि एक यादी

गेल्या अंकातल्या ऱ्होड्सवरच्या लेखाला एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऱ्होड्स म्हणजे ग्रीसच्या आग्नेय टोकाला, तुर्कस्तानच्या अगदी जवळ असलेलं बेट, तिथल्या तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात स्पेनमधून १४९२ साली हाकललेल्या ज्यूंचे वंशज शेकडो वर्षं राहत होते, घरात लादिनो म्हणजे जुन्या स्पॅनिश वळणाची भाषा बोलत होते, आणि जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांना जवळपास सगळ्यांनाच उचलून पोलंडमधल्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं. साधारण १७०० माणसं गेली आणि त्यातली १५१ जगली. आता प्रश्न घेऊ, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

१९४४ च्या जुलैत जर्मनी सगळीकडे हरत होती, मग एवढ्या लांबच्या बेटावरच्या दीड-दोन हजार लोकांसाठी बोटी, गाड्या, इंधन का घालवलं? हे डोक्यात बसत नाही. (एक वाचक, सांगली)

माझ्याही बसत नाही हो, पण तारखा बघितल्या की निदान त्याचा आवाका तरी कळतो. २० जुलैला हिटलरला मारायला ठेवलेला बॉम्ब त्याच्या टेबलाखाली फुटला, त्याच दिवशी ऱ्होड्समधल्या बायकामुलांना जर्मनांनी ताब्यात घेतलं. २३ जुलैला बोटी निघाल्या, आणि साधारण त्याच रात्री पोलंडमध्ये रशियन फौजा मायदानेकच्या छावणीत शिरत होत्या, म्हणजे एका टोकाला छावण्या हातातून निसटायला लागल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला छावणीसाठी माणसं गोळा करणं चालू होतं.

आपल्याला वाटतं की ज्यूंना संपवायचं हे काम म्हणजे युद्धाच्या जोडीला चाललेला एक वेडेपणा होता आणि युद्ध हरायला लागल्यावर तो आपोआप बंद पडायला हवा होता. पण ते करणाऱ्यांच्या लेखी हेच मुख्य काम होतं, आणि युद्ध हातचं जातंय म्हटल्यावर ते उरकायची घाई उलट वाढली. दुसरं म्हणजे हे एसएसला, म्हणजे हिटलरच्या खास सशस्त्र दलाला, एकट्याने जमणारं नव्हतं, ऱ्होड्सवर एसएसची मोजकीच माणसं आली होती. लोकांना एका जागी आणायचा हुकूम काढला तो बेटावरच्या जर्मन सैन्याचा प्रमुख जनरल उलरिश क्लेमन याने, बोटीही सैन्यानेच दिल्या. त्याच्या स्वतःच्या सैनिकांमध्ये यावरून कुजबुज सुरू झाली तेव्हा त्याने लेखी बजावलं की ज्यूंच्या प्रश्नाकडे ऱ्होड्सवरच्या रोजच्या जगण्याच्या नजरेतून बघायचं नाही. म्हणजे कुजबुज होण्याइतपत लोकांना खटकत होतं, नंतरच्या त्या "आम्हाला काही माहितीच नव्हतं"ला इथे फारसा अर्थ राहत नाही.

एवढे लोक एकाच वेळी कसे सापडले? समोर तुर्कस्तान दिसतो म्हणता, मग कोणी पळालं कसं नाही? (निवृत्त शिक्षिका, पुणे. याच अर्थाची आणखी बरीच पत्रं आहेत)

बाई, प्रश्न अगदी बरोबर आहे. तुर्कस्तानचा सगळ्यात जवळचा किनारा १८ किलोमीटरवर, म्हणजे गेटवेवरून मांडवा असतं त्याहून थोडंच जास्त. तुर्कस्तान तटस्थ होता, तिथे पोचलं की सुटका, पण बोट कुठून आणायची? किनाऱ्यावर पहारा, समुद्रात सुरुंग, आणि मुख्य म्हणजे आपल्याला नेमकं कशासाठी नेणार आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. ऑशविट्झ हे नावसुद्धा बहुतेकांनी ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९२० च्या दशकात बेटावर चारेक हजार ज्यू होते, पण काम नाही म्हणून तरुण मुलं बाहेर पडली, कोणी बेल्जियन काँगोत, कोणी ऱ्होडेशियात, कोणी थेट अमेरिकेत सिएटलपर्यंत. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांनंतर आणखी गेली. मागे राहिले त्यात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं जास्त. अशा कुटुंबाने रात्रीतून आजी-आजोबांना घेऊन पळायचं म्हणजे कुठे? ग्रीसच्या मुख्य भूमीवर डोंगरात क्रांतिकारकांच्या तुकड्या होत्या, त्यांनी बऱ्याच ज्यूंना लपवलं. ऱ्होड्सवर तसं काही नव्हतं.

आता पकडलं कसं ते. आधी सोळा वर्षांवरच्या पुरुषांना सांगितलं की ओळखपत्र आणि कामाचा परवाना घेऊन हवाई दलाच्या जुन्या इटालियन कचेरीत हजर व्हा. कागद तपासायचेत म्हटल्यावर माणूस जातोच, चार वर्षं युद्धात काढलेल्या माणसाला कागद दाखवायची सवयच झालेली असते. गेले ते आत अडकले, कागद काढून घेतले. दुसऱ्या दिवशी बायकांना निरोप गेला की दागिने, पैसे, थोडं खाणं घेऊन मुलांसकट या, नाही आलात तर पुरुषांना मारू. आता सांगा, कोण येणार नाही! सगळ्यांनी सोबत घ्यायचं ते नेमकं मौल्यवान तेच घेतलं, आणि आत गेल्यावर तेच पोत्यात टाकायला लावलं. सोनं गोळा करणाऱ्यांपैकी एकजण चक्क लादिनो बोलत होता असं वाचलेल्या लोकांनी पुढे सांगितलंय, आणि घरची भाषा ऐकून काहींना क्षणभर धीर आला होता हे वाचलं की पोटात गोळा येतो.

तीनेक दिवस तिथे कोंबून ठेवलं, जुलैचा उन्हाळा, पाणी नाही. २३ तारखेला त्यांना बंदराकडे चालवत नेलं तेव्हा हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवला, विमान एकही नव्हतं. भोंगा वाजला की गावातले लोक घरात जातात, दारं-खिडक्या लावून घेतात, मग रस्त्यावर बघायला कोणी उरत नाही. मला या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात थंड डोक्याने केलेला वाटतो.

पुढे माल वाहायच्या बोटींच्या पोटात भरलं, वाटेत कॉस बेटावरचे शंभरेक ज्यू घेतले, आठवडाभराने पिरियस बंदर, मग अथेन्सजवळची हैदारीची छावणी, ३ ऑगस्टला मालगाडी आणि १६ ऑगस्टला ऑशविट्झ. समुद्रावर आणि गाडीत काहीजण वाटेतच गेले. ऑशविट्झला जितक्या ठिकाणांहून माणसं नेली त्यात अंतराने सगळ्यात लांबचा प्रवास म्हणून ऱ्होड्सचंच नाव घेतात.

ताई, इटालियन लोक ज्यूंशी चांगले वागायचे असं आमच्या सरांनी सांगितलं. ऱ्होड्स तर इटलीकडे होतं ना? (विद्यार्थी, नाशिक)

सर अर्धे बरोबर आहेत. १९१२ पासून ऱ्होड्स इटलीकडे होतं आणि सुरुवातीची वर्षं बरी गेली, १९२८ मध्ये तर इटालियन राजवटीत तिथे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घडवणारं कॉलेज निघालं. पण १९३६ ला दे वेक्की नावाचा कडवा फॅसिस्ट गव्हर्नर म्हणून आला आणि वारं फिरलं. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, दुकानं उघडी ठेवायची सक्ती झाली, जुनी दफनभूमी गावाबाहेर हलवायला लावली. १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे आले, कॉलेज बंद, सरकारी शाळेतून मुलं बाहेर. सामी मोदियानो हे ऱ्होड्सचे वाचलेले गृहस्थ पुढे इटलीत शाळाशाळांतून बोलत राहिले, ते तेव्हा आठ वर्षांचे होते. मास्तरांनी वर्गात नाव पुकारून घरी पाठवलं तेव्हा आपण काय चुकलो हेच त्यांना कळेना.

पण दुसरी बाजूही आहे. १९४३ च्या वसंतात उत्तर ग्रीसमधल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या सलोनिका शहरातून सुमारे ४६ हजार ज्यू ऑशविट्झला जात होते, तेव्हा इटालियनांच्या ताब्यातल्या भागातून त्यांनी एकालाही जर्मनांच्या हाती दिलं नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि ही आडभिंत पडली.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगायला कोणाला आवडत नाही. जर्मन आले तरी बेटावरचं नागरी प्रशासन इटालियनच राहिलं, आणि कोणत्या घरात कोण, वय काय, ही नावं जर्मनांना मिळाली ती या इटालियन दप्तरांतल्या नोंदींवरून. कोणा कारकुनाने ती बसून उतरवून काढली असणार. सरांना हेही सांग.

तुर्की कॉन्सुलने लोक वाचवले म्हणतात, खरंय का? (ठाणे)

खरंय. सेलाहत्तिन उल्कुमेन, वय तिशीतलं. तुर्की नागरिक असलेल्या ज्यूंना सोडा म्हणून ते क्लेमनकडे गेले, तिथपर्यंत ठीक, कॉन्सुलचं ते कामच. पण तुर्की नागरिक होते थोडेच, मग त्यांनी दडपून सांगितलं की आमच्या कायद्याने तुर्की नागरिकाशी लग्न केलेली व्यक्तीही तुर्कीच धरतात. असा कायदा नव्हताच! पण जर्मनांना कायदा म्हटलं की थांबायची सवय, आणि तुर्कस्तानला दुखवायचंही नव्हतं, त्यामुळे चाळीस-पन्नास माणसं दारातून परत आली. युद्धात कॉन्सुलेटवर बॉम्ब पडले त्यात जखमी झालेली त्यांची गरोदर बायको पुढे दगावली, मुलगा जगला. १९८९ मध्ये याद वाशेमने, म्हणजे ज्यू संहाराची आठवण जपणाऱ्या जेरुसलेमच्या संस्थेने, त्यांचा गौरव केला.

व्हॉट्सॲपवर झाकिंथॉस बेटाची गोष्ट फिरतेय, महापौरांनी ज्यूंची यादी म्हणून फक्त दोन नावं दिली. ही पण फेकाफेकीच का? (कोल्हापूर)

नाही, ही फेकाफेकी नाही, फक्त फॉरवर्डमध्ये मीठमसाला बराच आहे. झाकिंथॉस ग्रीसच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला आहे. तिथे २७५ ज्यू होते. जर्मन अधिकाऱ्याने महापौर लुकास कारेर यांच्याकडे ज्यूंची यादी मागितली. ते बिशप क्रिसोस्तोमोस यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून जी यादी दिली तिच्यावर दोनच नावं होती, कारेर आणि क्रिसोस्तोमोस. दरम्यान ज्यू कुटुंबं शहरातून हलवून डोंगरातल्या गावांमध्ये, शेतकऱ्यांच्या घरांमध्ये पसरवली, आणि गावच्या गावांनी तोंड बंद ठेवलं.

आता मसाला कुठे आहे, तर बिशपने हिटलरला पत्र लिहिलं आणि हिटलरने माफी दिली वगैरे. ते पत्र कोणी बघितलेलं नाही, आणि हिटलरने पत्र वाचून ज्यू सोडले हे मानायला मी तरी तयार नाही. दोन नावांच्या यादीचा प्रसंग लोकांच्या तोंडून आलाय, कागद सापडलेला नाही, पण ज्यावर वादच नाही ती गोष्ट म्हणजे २७५ च्या २७५ जिवंत राहिले. १९७८ मध्ये दोघांनाही याद वाशेमचा सन्मान मिळाला. मला स्वतःला त्या दोघांइतकंच त्या गावकऱ्यांचं कौतुक वाटतं, कारण यादी नाही दिली म्हणून जर्मन शोधायचे थांबले असते असं नाही, शोधायला निघाले असते तर एका शेजाऱ्याची चुगली पुरे होती आणि ती झाली नाही. जोडीला नशीबही होतंच, इथून माणसं न्यायला बोट आलीच नाही.

१९५३ च्या भूकंपात जवळपास सगळं शहर कोसळलं, त्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही गेलं, आणि तेव्हा मदतीला सगळ्यात आधी पोचणाऱ्यांत इस्रायली नौदलाच्या बोटी होत्या.

झाकिंथॉसवर जमलं ते बाकीच्या बेटांवर का नाही? (रत्नागिरी आणि बेळगाव, दोघांचा प्रश्न सारखाच)

तिथूनच उत्तरेला कॉर्फू आहे, तिथे काय झालं बघा. ज्यू जवळजवळ दोन हजार, शहरातच एका मोहल्ल्यात राहणारे, म्हणजे लपवायलाही अवघड. गंमत म्हणजे (गंमत कसली) तिथला जर्मन सेनाधिकारी कर्नल एमिल येगर यानेच मे १९४४ मध्ये वर लेखी कळवलं होतं की हे करू नका, बोटी नाहीत, बंदरात रेड क्रॉसचं जहाज उभं आहे, ते सगळं बघेल आणि बाहेर बभ्रा होईल, इथले लोकही आपल्यावर बिथरतील. दयेचा मुद्दा त्यात फार नव्हता, सगळा कारभाराचा हिशोब, पण निदान कोणीतरी लेखी अडवलं. उपयोग झाला नाही. ९ जून १९४४ ला सकाळी सगळ्या ज्यूंना मैदानात बोलावलं, जुन्या किल्ल्यात कोंडलं, आणि महापौर, प्रांताधिकारी आणि पोलीसप्रमुख या तिघांच्या सहीने पत्रक निघालं की आता बेटाचा व्यापार आपल्या हातात येईल. सहीनिशी! सुमारे १८०० जणांना नेलं. दोनशेएक वाचले, बरेचसे खेड्यांमध्ये लोकांनी लपवले म्हणून, म्हणजे कॉर्फूचे सगळेच लोक तसे नव्हते हे नोंदवायला हवं.

म्हणून मला विचाराल तर बेट कुठलं, डोंगर किती, यापेक्षा यादी कोणाकडे होती आणि तिचं त्याने काय केलं यावर बरंच अवलंबून होतं. ऱ्होड्सवर ती दप्तरात तयार होती, कॉर्फूवर द्यायला वरचे लोक राजी होते, झाकिंथॉसवर मागून मिळाली नाही. सगळंच त्यावर नाही ठरलं, २७५ माणसं लपवणं आणि दोन हजार लपवणं यात फरक आहेच.

आणि क्रीट. ते तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. हानिया शहरातले ज्यू २० मे १९४४ ला पकडले, पुढे 'तानाइस' नावाच्या जहाजावर चढवले, सोबत शेकडो ग्रीक आणि इटालियन कैदी. जहाज पिरियसकडे निघालं होतं. ब्रिटिश पाणबुडी 'व्हिव्हिड'ला ते शत्रूचं जहाज दिसलं, आत कोण आहे याची तिला काय कल्पना, तिने टॉर्पेडो सोडले. अडीचशेहून जास्त ज्यू बुडाले, क्रीटचा ज्यू समाज तिथेच संपला. तारीख ९ जून १९४४, म्हणजे कॉर्फूचा तोच दिवस.

आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायलींचं आणि या लोकांचं काही नातं आहे का? (अलिबाग)

धर्म एक, बाकी थेट नातं नाही. बेने इस्रायली कोकणात फार पूर्वीपासून, मराठी बोलणारे, तेल गाळणारे शनवार तेली म्हणून ओळखले गेले. स्पेनमधून हाकललेल्यांची एक शाखा भारतात आली ती कोचीला, परदेशी ज्यू म्हणतात ते. त्यांचं सिनेगॉग १५६८ चं आणि ऱ्होड्सचं काहाल शालोम १५७७ चं, दोन्ही आजही उभी आहेत.

वाचलेले लोक परत आले का? आणि ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा झाली का? (औरंगाबाद)

परत येण्यासारखं उरलं काय होतं? १५१ मधले बहुतेक इटली, काँगो, ऱ्होडेशिया, अमेरिका, जिथे आधी गेलेले नातेवाईक होते तिकडे गेले. म्हणजे १९३८ च्या आधी पोटासाठी बाहेर पडलेल्या पोरांमुळेच या समाजाची घरं पुढे टिकली, काँगोतल्या एलिझाबेथव्हिलमध्ये तर ऱ्होड्सच्या पद्धतीची प्रार्थना बरीच वर्षं चालायची. बेट युद्धानंतर ग्रीसला मिळालं, आज तिथे मोजके काही डझन ज्यू आहेत.

शिक्षेचं म्हणाल तर वाचून रक्त तापतं. ग्रीसमधून ज्यू पाठवायच्या कामात पुढे असलेला एसएस अधिकारी आंतोन बुर्गर, कॉर्फू आणि ऱ्होड्स दोन्हीकडे त्याचा हात होता, तो कैदेतून पळाला, खोट्या नावाने जर्मनीतल्या एसेन शहरात राहिला आणि १९९१ मध्ये म्हातारा होऊन मेला. तो कोण होता हे लोकांना १९९४ मध्ये कळलं.

मे महिन्यात आम्ही ग्रीसच्या क्रूझला जातोय, ऱ्होड्सला एक दिवस आहे. बघण्यासारखं काय? (पुणे, जोडपं)

क्रूझवाले तुम्हाला सरदारांचा राजवाडा दाखवतील, तो बघाच. पण जुन्या गावाच्या पूर्वेच्या टोकाला ज्यू हुतात्मा चौक आहे, मध्ये समुद्री घोड्यांचं कारंजं, आजूबाजूला हॉटेलांची टेबलं, आणि त्या टेबलांच्या मधोमध काळ्या दगडाचा स्मारकस्तंभ. बरेच लोक त्याला टेकून आईस्क्रीम खातात, चिडू नका, त्यांना माहीत नसतं. तिथून दोन मिनिटांवर गल्लीत काहाल शालोम, ग्रीसमधलं वापरात असलेलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. खाली बघायला विसरू नका, काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षीदार जमीन आहे. लागूनच म्युझियम आहे, लॉस एंजेलिसमधल्या एका ऱ्होड्सवंशीय वकिलाने १९९७ मध्ये सुरू केलेलं, तिथे लग्नाचे, शाळेचे, समुद्रावरच्या सहलीचे फोटो आहेत, तासभर तरी ठेवा. तुमचा ऱ्होड्सचा दिवस शनिवार येत नाही ना ते आधी तपासा, शनिवारी दोन्ही बंद असतात.